चाफा फुलत नसेल तर कात्री आधी बाजूला ठेवा

प्रश्न : आमच्या बाल्कनीत मोठ्या कुंडीत पांढऱ्या चाफ्याचे झाड आहे. ओळखीच्यांकडच्या भरभरून फुलणाऱ्या, सुवासिक झाडाची फांदी आणून ते लावले, त्याला चार वर्षे झाली. पाने दीड वीत लांब आणि हिरवीगार येतात, पण फूल एकदाही आलेले नाही. झाड फार उंच जाऊ नये म्हणून दरवर्षी शेंडे छाटतो आणि महिन्यातून एकदा खत घालतो. थंडीत सगळी पाने गळली, तेव्हा झाड वाळते आहे असे वाटून पाणी वाढवले, तर एका फांदीचा शेंडाच काळा पडला. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसते. रोपवाटिकेत वर्षभर फुलणारा चाफा मिळतो असे कळले आहे. जुने झाड काढून तो लावावा का?

उत्तर : झाड काढू नका. तुम्ही जी लक्षणे कळवली आहेत त्यांत झाड मरणपंथाला लागल्याची एकही खूण नाही, उलट दीड वीत लांब पाने हे मुळे चांगली काम करत असल्याचेच लक्षण आहे. पानांमागची भुकटी आणि काळा पडलेला शेंडा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येतोच. फुले न येण्याचे मुख्य कारण मात्र तुम्हीच पत्रात अगदी सहज लिहून गेला आहात, आणि ते म्हणजे दरवर्षीची छाटणी.

चाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकालाच येतो. मोगऱ्याला नवी फूट आली की त्या फुटीवर कळ्या धरतात, म्हणून मोगरा छाटला की तो अधिक फुलतो, आणि बहुतेक घरगुती बागकामाचे सल्ले याच अनुभवावर बेतलेले असतात. चाफ्याला तो नियम लावला की नेमके उलटे घडते. चाफ्याची फांदी आधी लांबीने वाढते, जाड होते, तिच्या टोकाला पानांचा झुपका तयार होतो आणि असा पुरेसा काळ गेल्यानंतर टोकाच्या त्याच अंकुराचे रूपांतर फुलोऱ्यात होते. हे रूपांतर होण्याआधीच शेंडा उडवला, तर खालच्या डोळ्यांतून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात खऱ्या, पण त्या प्रत्येकीला हा सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागतो आणि त्यात साधारणपणे वाढीचा एक पूर्ण हंगाम तरी जातो. पुढच्या वर्षी त्या फांद्या फुलण्याच्या बेतात येतात, तोच तुमची कात्री पुन्हा फिरते. झाड जगत राहते, दाट होत जाते, पाने देत राहते आणि फुलत मात्र नाही.

याची खातरजमा तुम्ही घरच्या घरी करू शकता. झाडाजवळ जाऊन प्रत्येक फांदी जिथे दुभंगते ती जागा नीट पाहा. चाफ्याच्या फांद्या सहसा उगाच फुटत नाहीत. टोकाचा अंकुर संपला, मग तो फुलोऱ्यात संपो, कात्रीने संपो किंवा कुजून संपो, तरच खालून बाजूच्या फांद्या निघतात. जिथे फुलोरा येऊन गेलेला असतो, तिथे दोन फांद्यांच्या बेचक्यात वाळून गळून पडलेल्या दांड्याचा लहानसा, गोलसर, किंचित उंचवट्याचा व्रण दिसतो. जिथे छाटणी झालेली असते, तिथे फांदीच्या पूर्ण जाडीचा सपाट, करडा काप दिसतो आणि मध्यभागी भेंडाचा खोलगट ठिपका असतो. तुमच्या झाडावर सगळीकडे सपाट काप असतील असा माझा अंदाज आहे. ज्या चाफ्याला कोणी हात लावलेला नाही, त्याच्या फांद्यांचे दुभंग खालून वर मोजत गेले की तो किती वेळा बहरला हे जवळजवळ वाचता येते. झाडाचा तो छत्रीसारखा घेर मुळात फुलोऱ्यांनीच घडवलेला असतो.

तेव्हा यापुढे शेंड्यांना हात लावू नये. उंचीची अडचण खरोखरच असेल, तर सगळ्या फांद्या एकदम कापण्याऐवजी सर्वांत उंच गेलेली एखाददुसरी फांदी खालच्या दुभंगापर्यंत काढावी आणि बाकीच्या तशाच राहू द्याव्यात, म्हणजे दरवर्षी निदान काही टोके फुलण्याच्या वयाची राहतील. ही छाटणी पानगळीच्या काळाच्या अखेरीस, नवे कोंब हलू लागण्याच्या जरा आधी करावी. पावसात किंवा कुंडी ओलीचिंब असताना केलेल्या कापातून कूज आत शिरते. पाते स्पिरिटने पुसून घ्यावे आणि एक झाड झाल्यावर दुसऱ्याला लावण्याआधी पुन्हा पुसावे. कापातून पांढरा चीक भराभर गळतो. चाफा कण्हेरीच्या कुळातला आहे आणि त्याचा चीक त्वचेला चुरचुरतो, डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो, आणि पोटात जाणे तर टाळायलाच हवे. म्हणून हातमोजे घालावेत आणि लहान मुले व पाळीव प्राणी तेवढा वेळ दूर ठेवावेत.

आता उन्हाकडे वळू, कारण कात्री थांबवूनही ऊन कमी पडत असेल तर फुलांची वाट पाहणे व्यर्थ ठरेल. चाफ्याला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन लागते, आणि त्याहून अधिक मिळाले तर तो आनंदानेच घेतो. भिंतीवरून परावर्तित होऊन येणारा लख्ख उजेड म्हणजे ऊन नव्हे. बाल्कनीचे छत, कठडा आणि शेजारची इमारत यांतून तुमच्या कुंडीवर प्रत्यक्ष ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे एखाद्या सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून पाहा. पानांची लांबी फार, रंग गडद आणि फांद्या बारीक, लांबट व उजेडाच्या दिशेने झुकलेल्या असतील, तर झाड उन्हासाठी धडपडते आहे असे समजावे. गच्चीवर हलवण्याची सोय असेल तर जरूर हलवा, मात्र एकदम नव्हे. सावलीत वाढलेली हिरवट साल आणि पाने कडक उन्हात भाजतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी सकाळचे ऊन, मग हळूहळू दिवसभराचे, असे सवयीने न्यावे.

पाण्याच्या बाबतीत तुमच्याकडून जे घडले, ते अत्यंत स्वाभाविक आहे आणि चाफ्याची बहुतेक कुंड्यांतली झाडे नेमकी अशाच काळजीने जातात. हे मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचे झाड. तिथल्या ज्या कोरड्या रानांत ते वाढते, तिथे वर्षातला एक मोठा काळ पाऊस नसतो, आणि तो काळ झाड पाने टाकून काढते. जाड, मांसल फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर ते या काळात निवांत जगते. थंडी किंवा कोरडा ऋतू आला, दिवस लहान झाले की पाने पिवळी पडून खालून वर गळत जातात आणि शेवटी नुसते करडे बोडके सांगाडे उरतात. हा आजार नाही, ही झाडाची विश्रांती आहे. पाने नसली की बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते आणि मुळांना पाणी ओढण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी घातलेले पाणी कुंडीत तसेच साचून राहते, माती गार आणि ओली राहते, मुळे गुदमरतात आणि बुरशी खालून खोडात चढते.

म्हणून पानगळ सुरू झाली की पाणी कमी करत न्यावे, आणि झाड पूर्ण बोडके झाल्यावर जवळजवळ बंदच करावे. मोठ्या कुंडीतील जुन्या झाडाला या काळात काहीही दिले नाही तरी चालते. कुंडी लहान असेल किंवा हवा फार कोरडी असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा माती जेमतेम ओलसर होईल इतपत पाणी पुरे. फांद्यांची साल किंचित सुरकुतली तरी घाबरून जाऊ नये, नवी पाने आली की ती पुन्हा भरते. खरी तपासणी बोटांनी करायची असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात फांदी ठिकठिकाणी हलकेच दाबून पाहावी. ती टणक लागली तर झाड ठणठणीत आहे. आत मऊ, पोकळ किंवा पचपचीत लागली आणि त्या जागी साल काळपट-तपकिरी दिसली, तर तिथे कूज आहे. टोकांना नवी पाने फुटून ती बोटाच्या लांबीची झाली की मगच पाणी पुन्हा नियमित सुरू करावे. कोंब दिसताच भरपूर पाणी घालण्याचा मोह आवरावा, कारण तेवढ्याशा कोंबांना ते पाणी वापरता येत नाही.

वाढीच्या काळात मात्र कंजुषी नको. पाने पूर्ण उघडली की कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतके भरपूर पाणी द्यावे आणि वरची चार-पाच सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावर पुन्हा तसेच द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडणे हा वाईट प्रकार आहे. वरची माती सतत ओली राहते आणि खालच्या मुळांपर्यंत काहीच पोहोचत नाही. कळ्या धरलेल्या असताना झाड वारंवार पूर्ण सुकले तर त्या न उमलताच गळतात, हेही लक्षात असू द्यावे.

काळ्या पडलेल्या शेंड्याचे काय करायचे, ते तो कुठवर काळा आहे यावर ठरते. गारठा, ओल आणि बुरशी यांमुळे, कधी फुलकिडे किंवा कोळी या बारीक किडींनी कोवळ्या कोंबाचा रस शोषल्यामुळेही, टोकाचा अंकुर काळा पडतो. काळेपणा टोकापुरताच असेल, ते टोक कडक वाळलेले असेल आणि त्याखालची फांदी टणक असेल, तर काहीही न करणे उत्तम. त्याखालून बाजूचे डोळे फुटतील. त्या फांदीचा पुढचा हंगाम फुलांविना जाईल एवढेच. पण काळेपणा आठवड्या-आठवड्याला खाली सरकत असेल आणि फांदी मऊ लागत असेल, तर विश्रांतीचा काळ असो वा नसो, लगेच कापले पाहिजे. थोडेथोडे खाली कापत जावे आणि प्रत्येक कापाचा आडवा छेद पाहावा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा डाग दिसत असेल तर अजून खाली जावे. छेद पूर्ण पांढरा-हिरवट, स्वच्छ दिसला आणि कडेने चीक आला की थांबावे. काप तिरका ठेवावा, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याची शक्यता असेल तिथे कुंडी भिंतीच्या आडोशाला किंवा घरात घ्यावी. हिमकण पडतील इतकी थंडी या झाडाला सोसत नाही. बोडके, झोपलेले झाड घरात घेतले तर त्याला त्या काळात उजेडाचीही फारशी गरज नसते.

कुंडी आणि माती यांविषयी थोडक्यात सांगतो. तळाला मोठी भोके असलेली, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची मातीची कुंडी चार वर्षांच्या झाडाला पुरते. बागेतली माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट यांचे साधारण समभाग घ्यावेत. निव्वळ कोकोपीटात लावलेला चाफा पावसाळ्यात हमखास कुजतो, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि या झाडाला नेमके तेच नको असते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. दोन-तीन वर्षांनी, पानगळीच्या अखेरीस, झाड बाहेर काढून गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत आणि माती बदलावी.

खताबाबत जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण महिन्यातून एकदा तुम्ही कोणते खत घालता हे तुम्ही लिहिलेले नाही. युरियासारखे नत्रयुक्त खत किंवा ताज्या शेणाची स्लरी असेल तर ते आजच बंद करा. नत्राने पाने आणि फांद्या फोफावतात, त्या पोचट व लांबट होतात, आणि अशी लुसलुशीत वाढ किडींनाही आवडते. याच्या नेमके दुसऱ्या टोकाला, फुलांसाठी म्हणून भरमसाट स्फुरद (फॉस्फरस) असलेली खते सुचवली जातात आणि चाफ्याच्या हौशी मंडळींमध्ये हा सल्ला फार वर्षे फिरतो आहे. तोही मला पटत नाही. कुंडीतल्या मातीत स्फुरद साचत जाते आणि ते जास्त झाले की लोह, जस्त यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये मुळांना घेता येत नाहीत. मग शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशी पाने दिसू लागतात. नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) बेताच्या प्रमाणात असलेले, सूक्ष्म अन्नद्रव्यांसह मिळणारे, हळूहळू विरघळणारे खत पाने फुटल्यावर एकदा आणि हंगामाच्या मध्यावर एकदा पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत घालावे, आणि जोडीला मूठ-दोन मुठी गांडूळखत. बस्स. पानगळीच्या दोन महिने आधीपासून कोणतेच खत घालू नये. एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, हे फुले आणणारे औषध असल्याचा समज आहे, पण मातीत मॅग्नेशियमची उणीव असेल तरच त्याचा उपयोग होतो. जे झाड उन्हात नाही आणि ज्याचे शेंडे कापले जातात, त्याला बाजारातले कोणतेही टॉनिक फुलवू शकणार नाही.

पानांमागची नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. चाफ्याच्या तांबेऱ्याची बुरशी, कोलिओस्पोरियम प्लुमेरिई, ही चाफ्याच्याच गोतावळ्यावर जगते. तुमच्या गुलाबाला किंवा मोगऱ्याला ती लागणार नाही. पान उलटे करून पाहिले तर बारीक, फुगीर, शेंदरी पुटकुळ्या दिसतात, बोट फिरवले की हळदीसारखी पूड बोटाला लागते, आणि त्याच जागी पानाच्या वरच्या बाजूला आधी पिवळे आणि मग तपकिरी डाग पडतात. ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्याने उडतात, ओल्या पानावर रुजतात आणि नवी पुटकुळी तयार करतात, म्हणूनच दमट हवेत आणि पावसाच्या दिवसांत हा रोग झपाट्याने पसरतो. दिसायला तो भयंकर असला तरी तो पानांपुरताच राहतो, खोडात उतरत नाही. पाने वेळेआधी गळतात आणि झाड काहीसे अशक्त होते, पण प्रौढ झाड सहसा त्याने मरत नाही.

उपचारापेक्षा इथे स्वच्छता अधिक उपयोगी पडते. जास्त पुटकुळ्या असलेली पाने देठासकट काढावीत, कुंडीत आणि आसपास पडलेली पाने रोज वेचावीत आणि बंद पिशवीत भरून टाकून द्यावीत. घरच्या खताच्या डब्यात ती घालू नयेत. पाणी नेहमी बुंध्याशी घालावे, पानांवर फवारू नये, आणि द्यायचे ते सकाळी द्यावे म्हणजे उडालेले थेंब दिवसा वाळतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या असतील तर त्यांच्यात अंतर ठेवावे. हंगामाच्या सुरुवातीलाच तांबेरा दिसला, तर पाण्यात मिसळणारे गंधक किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक पाकिटावरील प्रमाणात, मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूला बसेल असे फवारावे. गंधक कडक उन्हात, पारा 32 अंशांच्या वर असताना, फवारल्यास पाने भाजतात, आणि कडुनिंबाचे किंवा कोणतेही तेल फवारल्यानंतर निदान दोन आठवडे गंधक वापरू नये. पानगळ महिन्या-दोन महिन्यांवर आलेली असेल तर फवारणीच्या भानगडीत न पडलेले बरे, कारण झाड ती पाने स्वतःच टाकणार आहे. तुम्ही फक्त ती नीट गोळा करा.

किडींचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, तरी पानांची मागची बाजू पाहायची सवय लागलीच आहे तर कोळी आणि पिठ्या ढेकूण यांच्याकडेही लक्ष असावे. कोळी लागले की पान निस्तेज, राखाडी ठिपक्यांचे होते; पिठ्या ढेकूण कापसाच्या पुंजक्यासारखा देठांच्या बेचक्यांत बसतो. पाण्याचा जोराचा फवारा आणि संध्याकाळच्या वेळी कडुनिंबाच्या तेलाचे सौम्य द्रावण एवढे बहुतेक वेळा पुरते, मात्र पानांवर पाण्याचा फवारा मारायचा तो कोरड्या, उन्हाच्या सकाळीच, नाही तर तांबेऱ्याला आमंत्रण मिळते.

आता रोपवाटिकेतल्या त्या वर्षभर फुलणाऱ्या चाफ्याविषयी. तो घेण्याआधी त्याचे पान बघा. पान लांबट असून टोकाशी एकदम रुंद होत असेल, चमच्यासारखा किंवा नागाच्या फण्यासारखा आकार असेल, तर ती प्लुमेरिया पुडिका ही जात आहे. तिला शुभ्र फुलांचे गुच्छ येतात, ती खरोखर फार काळ फुलते, उष्ण हवेत पाने धरून राहते आणि तांबेराही तिला कमी लागतो. रस्त्याकडेला किंवा कुंपणाला लावायला ती उत्तम आहे. पण तिला वास जवळजवळ नाही. तुम्ही जे झाड सुवासासाठी आणले, त्याच्या जागी ही जात लावाल तर फुलांची संख्या मिळेल आणि ज्यासाठी खटाटोप केला ते हातचे जाईल.

तुमच्या झाडाची पाने थंडीत पूर्ण गळतात, यावरून ते प्लुमेरिया रुब्रा असण्याची शक्यता अधिक आहे. या जातीचे पान दोन्ही टोकांना निमुळते असते आणि मधल्या शिरेतून निघालेल्या उपशिरा काठाजवळ एका आडव्या शिरेला जाऊन मिळतात. पान उजेडासमोर धरले की ही किनार स्पष्ट दिसते. पांढऱ्या-पिवळ्यापासून गुलाबी, लाल आणि शेंदरीपर्यंत सगळे रंग हिच्यात मिळतात आणि बहुतेक प्रकार सुवासिक असतात. दुसरी सुवासिक जात प्लुमेरिया ऑब्ट्युसा. तिचे पान गडद, चकचकीत आणि टोकाशी गोल असते, फूल पांढरे व मध्ये लहानसा पिवळा डोळा असतो आणि उबदार हवेत ती पूर्ण बोडकी होत नाही. तिचा एक लोकप्रिय प्रकार सिंगापूरच्या नावाने विकला जातो, प्रत्यक्षात जात मूळची कॅरिबियन बेटांकडची. सबंध वंशाला प्लुमेरिया हे नाव मिळाले ते शार्ल प्लुमिये या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतितज्ज्ञावरून. 1646 ते 1704 हा त्याचा काळ, आणि कॅरिबियन बेटांवर हिंडून त्याने तिथल्या असंख्य वनस्पतींची चित्रे काढली.

सुवासाची पारख दुपारी करू नये. चाफ्याचा वास दिवस मावळल्यावर वाढतो, कारण तो मुळात रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतो. गंमत अशी की त्या फुलात मध नसतो. मधाच्या आशेने पतंग फुलाच्या नळीत सोंड घालतो, फसतो, पुढच्या फुलाकडे जातो आणि जाता जाता परागण करून देतो. 1984 साली कोस्टा रिकातील झाडांवरच्या अभ्यासात ही फसवणूक तपशिलाने मांडली गेली. फसलेला पतंग फार वेळ त्या झाडापाशी रेंगाळत नाही, त्यामुळे झाडावर फुले हजारोंनी असली तरी शेंगा मोजक्याच दिसतात. कुंडीतल्या झाडाला शेंग धरली नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. शेंग धरली आणि तिच्यातले पंखधारी बी पेरले तरी रोप मूळ झाडासारखेच निघेल याची खात्री नसते आणि फुलायला त्याला कलमापेक्षा बराच अधिक काळ लागतो.

त्यामुळे जोडीला आणखी एक चाफा हवाच असेल, तर ज्या झाडाची फांदी तुम्ही आणली होती त्याचीच दुसरी फांदी आणावी. या खेपेस ती निवडून घ्या. हिरवी कोवळी नको, करड्या सालीची, एक-दीड फूट लांबीची, शक्यतो फुलून गेलेली आणि म्हणून टोकाशी दुभंगलेली. पाने देठ थोडे ठेवून कापून टाकावीत आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर, जाड असेल तर दोन आठवडे, तशीच आडवी ठेवावी. कापाची जागा वाळून कडक झाल्याशिवाय ती मातीत गेली तर बहुधा कुजते. मग वाळू जास्त असलेल्या मिश्रणात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचून, हलणार नाही अशी काठीला बांधून, एकदा पाणी द्यावे. पहिली पाने चांगली उघडेपर्यंत माती जवळजवळ कोरडीच ठेवावी. मुळे धरायला दीड-दोन महिने सहज लागतात. धरली का हे पाहण्यासाठी फांदी उपटू नये. कधी कधी मुळे नसताना अशा फांदीला फुलोरा येतो. तो मनावर दगड ठेवून खुडावा, कारण त्या वेळी साठवणीतले सारे बळ मुळांकडे जायला हवे.

तुमच्या जुन्या झाडाबाबत अपेक्षा अशी ठेवावी. शेवटची छाटणी झाल्यानंतरच्या फांद्यांना आता एक पूर्ण हंगाम मोकळा मिळू द्या. पुढची पानगळ कोरडी जाऊ द्या. त्यानंतर नवी पाने फुटताना टोकांच्या मध्यभागी रोज नजर टाका. पानाचा कोंब टोकदार, गुंडाळलेला आणि हिरवा असतो. फुलोऱ्याचा कोंब मात्र बोथट असतो, त्यावर बारीक दाण्यांची दाटी दिसते आणि बऱ्याचदा त्यावर तांबूस झाक असते. तो दिसला की कुंडीची जागा आणि दिशा बदलू नका, पाण्याची पाळी चुकवू नका. दांडा लांबत जाईल आणि कळ्या एकदम न उमलता थोड्याथोड्या, कित्येक आठवडे उमलत राहतील. बहर सरल्यावर वाळलेला दांडा आपोआप गळेपर्यंत थांबा आणि त्याच्या बुडाशी फुटणाऱ्या दोन-तीन कोंबांना धक्का लावू नका, कारण त्या पुढच्या फुलोऱ्याच्या फांद्या आहेत. दिवसभराचे ऊन मिळूनही दोन हंगामांत एकाही टोकाला असा कोंब आला नाही, तर टोकाच्या एका पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि एका दुभंगाचे छायाचित्र काढून पाठवा.